मोटारीचा धक्काशोषक

पोलादी पाट्यांची कमान वाहनाखाली बसवून रस्त्याचे धक्के सुसह्य करण्याची कला मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. लंडन येथील गाड्या बांधणारा कारागीर ओबाडाया एलियट याने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट मिळविले, आणि पुढे शतकभर घोड्यांच्या गाड्या तसल्या कमानींवर डुलत चालल्या. परंतु कमानीच्या अंगी एक खोड आहे. ती धक्का गिळते खरी, पण पचवीत नाही. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. घोड्याच्या चालीत ही खोड खपून गेली, कारण पाटे एकमेकांवर घासून झोका हळूहळू मंदावत असे. मोटारीचा वेग आला तेव्हा मात्र चाके रस्ता सोडून उडू लागली. आणि जे चाक भुईला टेकलेलेच नाही, त्याचा ब्रेक कितीही करकचून दाबला तरी गाडी थांबण्यास त्याचा उपयोग काय?

यावरचा पहिला उपाय घर्षणाचा होता. ट्रुफो या फ्रेंच संशोधकाने दोन बाहूंमध्ये चकत्या घट्ट आवळून, त्यांच्या घासण्याने कमानीचा झोका थोपविण्याची युक्ती काढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड हार्टफर्ड याने ती अमेरिकेत नेऊन तिचा व्यवसाय उभारला. चकत्या सैल झाल्या की मालकाने पाना घेऊन आवळाव्या, इतकी ही साधी गोष्ट. दोष एवढाच, की घर्षणाला विवेक नाही. लहान खड्ड्यात ते अडून बसे आणि मोठ्या खड्ड्यात अपुरे पडे.

हा विवेक तेलापाशी आहे. बारीक छिद्रातून तेल सावकाश ढकलले तर ते मुकाट्याने जाते, वेगाने ढकलले तर त्याच प्रमाणात झगडते. फ्रान्सच्या मोरिस हुडाय याने या गुणावर आपले यंत्र रचले. झोक्याची शक्ती तेलाला ढवळण्यात खर्च होते आणि शेवटी उष्णतेच्या रूपाने हवेत विरून जाते. वस्तुतः धक्का शोषून घेते ती कमान. हे यंत्र फक्त तिला शांत करते. इंग्रज लोक त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात तेच अधिक यथार्थ होय. आपल्याकडे मात्र कारागिरांच्या तोंडी ‘शॉकअप’ हा शब्द कायमचा बसला आहे.

१९२७ च्या अखेरीस फोर्डची ‘मॉडेल ए’ मोटार निघाली, तेव्हा चारही चाकांना हुडाय पद्धतीचे शोषक होते. त्यांत ग्लिसरीन भरीत आणि एक सुईसारखी झडप फिरवून ऋतुमानाप्रमाणे त्यांचा जोर कमीजास्त करीत. इंग्लंडातल्या मॉरिस मायनरचे तरफेचे शोषकही याच जातीचे. वरचे बूच काढून मालकास त्यांत तेल भरता येई. अशा गाडीचा धनी शोषकाची निगा राखी, तो फेकून देत नसे.

१९३० नंतरच्या दोन दशकांत दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा शोषक सर्वत्र पसरला. स्वस्त, हलका आणि कार्यक्षम; पण बहुधा कायमचा बंद. त्यात तेल भरण्यास बूच नाही, आवळण्यास चकती नाही. आतले सील झिजून तेल गळले की तो निकामी झाला. मालकाच्या हातची दुरुस्ती संपली आणि तिच्या जागी बदली आली. आश्चर्य असे, की याच बदलामुळे ते काम घरच्या अंगणात पुन्हा शक्य झाले. कारण आता करावयाचे ते एवढेच, की वरची-खालची बांधणी सोडावी व नवी नळी बसवावी.

याचे जवळचे उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९५३ साली इटलीत निघालेल्या फियाट ११०० च्या कुळातली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. २०२३ च्या ऑक्टोबरात तिची अखेरची टॅक्सी मुंबईच्या नोंदवहीतून गेली, तरी हौशी लोकांनी सांभाळलेल्या पद्मिनी आजही दिसतात. तिच्या मागच्या चाकांवर पाट्यांची कमान निराळी आणि शोषक निराळा आहे. शोषक काढला तरी अ‍ॅक्सल पाट्यांवर राहतो. पण १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून मॅकफर्सनची जी रचना पुढच्या चाकांना रूढ झाली, तीत दाबलेली स्प्रिंग शोषकाभोवतीच असते. ती अवजारावाचून सोडविणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे, आणि ते काम घरी करू नये.

पाट्यांच्या गाडीतही प्राणभय आहेच. ते शोषकात नाही, जॅकमध्ये आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे, गाडी सपाट व कठीण जमिनीवर उचलावी, तिचा भार भक्कम लोखंडी स्टँडवर द्यावा, आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही क्षणभरही डोके घालू नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री पातळ तेल सोडावे. झटापट केली तर बोल्ट तुटतो आणि तासाचे काम आठवड्यावर जाते.

शोषक एकदम मरत नाही, दिवसेंदिवस झिजतो. त्यामुळे रोज गाडी चालविणाऱ्याला त्याचा मृत्यू कळत नाही. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा उसळून स्थिरावला तर ठीक, डुलतच राहिला तर शोषक गेला. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. एक नवा व एक जुना ठेवल्यास गाडी वळणावर एका अंगाने वेगळी वागते. नवी नळी बसविण्यापूर्वी उभी धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावी व दाबावी, म्हणजे आत शिरलेली हवा वर निघून जाते. रबरी बुशांचे नट प्रथम हाताने लावावे आणि गाडी चाकांवर उतरल्यावर शेवटचे आवळावे, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. पाच-पन्नास मैल चालल्यावर तेच नट पुन्हा एकदा पाहावे.