डोल्बादार्नचा बुरूज आणि तळ्याकांठची वाट

भग्न दुर्ग पाहावयाचा म्हणजे अंगाला घाम आलाच पाहिजे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. उभा चढ, तुटलेल्या पायऱ्या आणि माथ्यावरचा वारा ह्यांतून गेल्यावांचून इतिहासाचें दर्शन घडत नाहीं, असें आपण मानितों. उत्तर वेल्समधील ल्लानबेरिस ह्या गांवीं मात्र ही समजूत टिकत नाहीं. तेथें पादार्न आणि पेरिस अशीं दोन तळीं आहेत. त्यांच्यामधील खडकाळ उंचवट्यावर डोल्बादार्नचा वाटोळा बुरूज उभा आहे, आणि गांवांतून निघालेला वयस्क मनुष्यहि थोड्याशा चालीनें त्याच्या पायथ्याशीं पोंचतो. पादार्न तळ्यास पुरती प्रदक्षिणा घातली तरी वाट सुमारें पांच मैलांची. तीहि एका बाजूस रानाच्या उतारावरून आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ सपाट अशी. ती इतकी सपाट कां, हा प्रश्न सामान्य प्रवाशास पडत नाहीं. परंतु आमच्या मतें ह्या स्थळाचा अर्धा इतिहास त्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

ल्लानबेरिसला येणारे बहुतेक लोक ह्या बुरुजासाठीं येतच नाहींत. ते येतात स्नोडनच्या शिखरासाठीं. (राष्ट्रीय उद्यानाच्या चालकांनीं २०२२ पासून 'अर विद्वा' हें त्याचें मूळ वेल्श नांवच व्यवहारांत घेतलें आहे, हें योग्यच झालें.) १८९६ सालीं सुरू झालेल्या दांतेरी रुळांच्या आगगाडीनें ते वर जातात, ढगांत शिरतात आणि बहुधा कांहीं न पाहतां परत येतात. बुरूज त्यांच्या मागें राहतो.

'डोल' म्हणजे कुरण. डोल्बादार्न म्हणजे पादार्न साधूचें कुरण. दुर्ग बांधला तो ग्विनेदचा राजा ल्लुवेलिन आब योर्वेर्थ ह्यानें, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत. ह्याला वेल्श लोक 'थोरला ल्लुवेलिन' म्हणतात. आज उरला आहे तो मुख्यतः एक बुरूज, उंची सुमारें पन्नास फूट. बाकी तटाच्या रेषा गवतांतून शोधाव्या लागतात. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. बाहेरचा तट चुन्यावांचून, नुसत्या दगडावर दगड रचून केलेला आहे. बुरूज मात्र चुन्यांत बांधलेला, दरवाजा जमिनीपासून एक मजला वर, आणि त्या दरवाजास वरून खालीं सोडावयाचें लोखंडी जाळीचें दार. वाटोळ्या बुरुजाची ही पद्धति वेल्श नव्हे. सीमेवरच्या आंग्ल-नॉर्मन सरदारांनीं ती आणिली होती, आणि त्यांच्याशीं कधीं लढून, कधीं सोयरीक करून ल्लुवेलिननें ती उचलली. शत्रूची विद्या घेऊन तिनेंच शत्रूस अडवावें, हा विचार ह्या दगडांत स्पष्ट दिसतो. ज्या खिंडीच्या तोंडाशीं हा दुर्ग बसविला आहे, ती ग्विनेदच्या डोंगरी गाभ्यांत जाण्याची एक मुख्य वाट होती. आणि त्या गाभ्यांतील कुरणें व गाईगुरें हें राजाचें खरें धन होतें.

थोरला ल्लुवेलिन १२४० सालीं वारला. त्याच्या घरांत पुढें जें घडलें, तें समजण्यास मराठी वाचकास फारसें विवरण नको. भाऊबंदकी हा शब्दच पुरे. वेल्श कायद्यानें वडिलार्जित भूमि सर्व मुलांत वांटली जात असे. हा कायदा शेतकऱ्याच्या घरीं न्यायाचा असेल, परंतु इंग्लंडसारख्या एकछत्री राज्याच्या शेजारीं राहणाऱ्या राजघराण्यास तो घातक होता. ल्लुवेलिनचा मुलगा ग्रिफिद लंडनच्या टॉवरमध्यें बंदी असतां, १२४४ च्या मार्चांत, चादरींचा दोर करून खिडकींतून उतरतांना दोर तुटून मेला. त्याचा थोरला मुलगा ओवाइन त्या वेळीं बापाबरोबर लंडनांतच बंदींत होता. पुढें ओवाइन आणि त्याचा धाकटा भाऊ ल्लुवेलिन आप ग्रिफिद ह्यांनीं ग्विनेद वांटून घेतला, आणि १२४७ च्या वुडस्टॉकच्या तहानें इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीनें ती वांटणी मोठ्या आनंदानें मान्य केली. १२५५ सालीं ब्रिन डेर्विनच्या लढाईंत धाकट्यानें थोरल्यास पकडलें. पकडलें तें बावीस वर्षें सोडलें नाहीं. बापाचा मृत्यु एका बुरुजांत पाहिलेल्या मुलाचें तारुण्य दुसऱ्या बुरुजांत सरलें.

हा दुसरा बुरूज डोल्बादार्नचाच, असें सर्व मार्गदर्शक पुस्तकें सांगतात. पुरावा काय? हवेल फोएल नांवाच्या समकालीन कवीचें ओवाइनच्या बंदिवासावर एक विलापकाव्य उपलब्ध आहे. त्यांत बुरुजांतील बंदिवान आहे, पण स्थळाचें नांव नाहीं. नांव प्रथम स्पष्टपणें घेतो तो जॉन लेलँड, आणि तो ह्या भागांत फिरला सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशें वर्षांनीं. न्यायाधीश एवढ्यावर शिक्षा देणार नाहीं. तथापि लोकांची आठवण निराधार म्हणून टाकून देण्याचेंहि आम्हांस कारण दिसत नाहीं. राज्याच्या अगदीं आंत, दोन्ही बाजूंस डोंगर आणि पायाशीं पाणी असलेली, परक्याच्या सैन्यापासून दूर अशी जागा, जीमधून सुटकेचा प्रयत्न सहज होऊं नये, ती हीच असणें संभवनीय आहे.

त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ल्लुवेलिननें केलें तें पाप कीं राजनीति? भावास कोंडल्यानंतरच तो सर्व वेल्सचा धनी झाला. १२६७ च्या मंटगमरीच्या तहानें इंग्लंडच्या राजानें त्यास 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी मान्य केली. वांटणी झाली असती तर ही पदवी एकाहि वेल्श पुरुषास लाभली नसती. परंतु हाच दोष त्याच्यावर उलटला. १२७७ सालीं पहिल्या एडवर्डनें त्याला नमविलें तेव्हां ओवाइनची सुटका ही तहाची एक अटच होती. आणि दुसरा भाऊ दाविद तर त्या युद्धांत एडवर्डच्याच बाजूनें लढत होता. आम्हांस ल्लुवेलिन दोषी वाटतो तो भावास कोंडल्याबद्दल नव्हे, तर कोंडून बावीस वर्षें त्याच्याशीं कांहींच तोड न काढल्याबद्दल.

११ डिसेंबर १२८२ रोजीं ल्लुवेलिन किल्मेरीजवळ मारला गेला. मग दाविद, जो आतां एडवर्डचा वैरी झाला होता, डोंगरांत मागें मागें हटत राहिला. १२८३ च्या वसंतांत त्यानें ल्लानबेरिसहून काढलेला लेख उपलब्ध आहे, आणि त्यावरून स्वतंत्र वेल्सचा शेवटचा कारभार ह्याच तळ्यांच्या कांठीं चालला असें म्हणतां येतें. जूनमध्यें तो पकडला गेला आणि ऑक्टोबरांत श्रूसबरी येथें हालहाल करून मारला गेला. पुढच्या वर्षीं इंग्रजांनीं डोल्बादार्नचें लांकूड काढून, एडवर्ड बांधीत असलेल्या कार्नार्व्हनच्या दुर्गाकडे नेलें. दुर्ग पाडण्यास सुरुंग लागतातच असें नाहीं. त्याचीं तुळवटें काढून न्यावीं, पुढचें काम पाऊस करतो, आणि ह्या प्रदेशीं पावसाची वाण नाहीं.

आतां एक चमत्कार पाहा. पांच शतकें हें स्थळ विसरलेलें होतें. १७५७ सालीं टॉमस ग्रे ह्याचें 'द बार्ड' प्रसिद्ध झालें, एडवर्डनें वेल्श कवींची कत्तल केल्याची निराधार कथा इंग्रजी वाचकांस प्रिय झाली, आणि चित्रकार वेल्सच्या डोंगरांकडे वळले. रिचर्ड विल्सननें डोल्बादार्न रंगविलें. १८०० सालीं पंचवीस वर्षांच्या टर्नरनें लंडनच्या रॉयल अकॅडेमींत ह्या बुरुजाचें चित्र मांडलें, आणि सोबत ओवाइनच्या बंदिवासावर कांहीं ओळी छापल्या; पुढें सदस्यत्व मिळाल्यावर तेंच चित्र त्यानें संस्थेस अर्पण केलें. चित्र भव्य आहे, ह्यांत संशय नाहीं. बुरूज आहे त्याहून किती तरी उंच व एकाकी दिसतो. परंतु त्या भव्यतेंत स्वातंत्र्याचा वैरी म्हणून जो उभा राहतो, तो वेल्श भाऊ! तुळवटें नेणारा राजा चित्रांत कोठेंच नाहीं. इंग्रजी रसिकतेची ही सोय आमच्या लक्षांत आल्यावांचून राहिली नाहीं.

टर्नरच्या चित्रांत आणखी एक गोष्ट नाहीं. ती म्हणजे समोरची खाण. १७८७ पासून एलिदिर डोंगराच्या कुशींत डिनोर्विकची पाटीच्या दगडाची खाण चालू झाली होती. बुरुजावरून उतरून पलीकडच्या कांठाला गेलें म्हणजे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनीं कापलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें तीन हजारांवर माणसें राबत. कोठल्या कोठल्या शहरांचीं छपरें त्यांनीं शाकारलीं. छपराच्या पाट्यांस लहानमोठ्या आकाराप्रमाणें 'डचेस', 'काउंटेस', 'लेडी' अशीं नांवें होतीं. कामकऱ्यानें दिवसभर सरदारणी तासाव्या हा विनोद मालकांस सुचला नसावा. खाण १९६९ सालीं बंद झाली, आणि १९७२ पासून तिच्या कारखान्यांत संग्रहालय झालें. तेथील पाणचक्र पन्नास फुटांहून अधिक व्यासाचें आहे.

ह्या कांठावरील रान जुन्या ओकांचें आहे. तीव्र उतारावर ओल्या शेवाळानें मढलेले दगड आणि त्यांवर वांकडे, ठेंगणे वृक्ष. पायवाट त्यांच्या सावलींतून जाते. मध्येंच १८६० सालचें खाणीचें रुग्णालय लागतें. पाटीच्या धुळीनें फुप्फुसें झिजत. पण खाणमालकांच्या पदरच्या डॉक्टरांनीं एके काळीं त्याचा दोष कामकऱ्यांच्या फार उकळलेल्या चहावर ठेवला होता. धुळीच्या रोगाबद्दल बुडालेल्या खाणींच्या कामकऱ्यांस भरपाई देणारा कायदा १९७९ सालीं झाला, म्हणजे ही खाण बंद पडल्यावर दहा वर्षांनीं.

पेरिस तळें आज निसर्गाचें राहिलेलें नाहीं. १९८४ पासून डोंगराच्या पोटांतील विद्युत्-केंद्र रात्रीं त्याचें पाणी वरच्या मार्ख्लिन तळ्यांत चढवितें आणि मागणी वाढली कीं खालीं सोडतें. त्या कामापूर्वीं पेरिसमधील 'तोरगोख' मासे उचलून दुसऱ्या तळ्यांत नेण्यांत आले. हिमयुगापासून ह्या पाण्यांत अडकून राहिलेला हा मासा. 'तोर' म्हणजे पोट, 'गोख' म्हणजे लाल. ओवाइनच्या नांवापुढेंहि हेंच 'गोख' आहे, तें त्याच्या केसांवरून.

आतां सपाट वाटेचें उत्तर. तळ्याच्या नैर्ऋत्य कांठानें परत येतांना पायाखालीं असतो तो १८६९ सालीं उघडलेल्या आणि १९६४ सालीं बंद झालेल्या कार्नार्व्हन-ल्लानबेरिस लोहमार्गाचा भराव. पलीकडच्या कांठावरून खाणीचा स्वतःचा मार्ग बंदराकडे जाई. तो १९६१ सालीं बंद झाला, आणि १९७१ पासून त्याच्या जागीं प्रवाशांची छोटी गाडी धांवते. गाडीस चढ नको होता, म्हणून आज आमच्या गुडघ्यांस सुख आहे. २०२१ सालीं युनेस्कोनें वायव्य वेल्सच्या ह्या पाटीच्या प्रदेशास जागतिक वारशांत स्थान दिलें.

ह्याच वाटेलगत पाण्याकांठीं एक खडक आहे. वरून पाहिल्यास त्यांत कांहीं विशेष नाहीं, आणि पुष्कळ लोक तेथें बसून फराळ करतात. त्याचें नांव 'क्राइग अर इंदेब', संघाचा खडक. १८७४ सालीं उत्तर वेल्सच्या खाणकामकऱ्यांचा संघ स्थापन झाला, तेव्हां संघ सोडण्यास नकार देणाऱ्यांस डिनोर्विकच्या मालकानें कामावर येऊं दिलें नाहीं. खाणीच्या जागेंत सभेस मज्जाव असल्यामुळें माणसें ह्या खडकावर जमत. त्यांचीं भाषणें थोरल्या ल्लुवेलिनच्या भाषेंत होत. त्याच वर्षीं मालकानें माघार घेतली, आणि माणसें संघासह कामावर गेलीं.