घाटउतार आणि इंजिनाचा ब्रेक

जुनी डिझेल पिकअप माल भरून घाट उतरू लागली की ब्रेक तापून लायनरचा वास येतो, हे आपण अनुभवले असेल. ही अडचण जुनीच आहे. १९३१ साली अमेरिकेत इंजिनतज्ज्ञ क्लेसी कमिन्स डिझेल ट्रकने कॅलिफोर्नियातील कॅहोन घाट उतरत होते. ब्रेक चालेनात, खाली रूळ ओलांडताना मालगाडीवर ट्रक आदळता आदळता वाचला. तो धसका विसरला नाही. पुढे त्यांनी इंजिनालाच गाडी रोखायला लावणारा ब्रेक शोधला. तो १९६१ मध्ये बाजारात आला.

एक्झॉस्ट ब्रेक हा त्याच जातीचा, पण साधा. धुराच्या पाइपात झडप असते. ती मिटली की धूर कोंडतो, पिस्टनला उलटा जोर लागतो आणि गाडी आवरते.

फायदा असा, की लायनर कमी झिजतात, ड्रम तापत नाहीत, पायातला ब्रेक ऐनवेळी शाबूत राहतो.

तोटेही आहेत. न्यूट्रलमध्ये त्याचा उपयोग नाही. पावसात निसरड्या रस्त्यावर चाके घसरू शकतात. जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ढिल्या असतील, तर कोंडलेल्या दाबाने इंजिनाला इजा होते. काजळीने झडप अडकली, तर चढावर गाडी ओढत नाही.

तेव्हा आधी मेस्त्रीकडून स्प्रिंगा तपासा, मगच खर्च करा. आणि हा ब्रेक असो वा नसो, खालच्या गिअरमध्येच घाट उतरा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. वाचलेले डिझेल जिवापेक्षा मोठे नाही.