द्राक्ष आपलं, नाव दुसऱ्याचं



गेल्या हंगामात आमच्या तासगाव भागातल्या बागेत माल काढणी चालू होती. व्यापाऱ्यानं आणलेल्या पेट्यांवर नाव छापलेलं नाशिकचं. विचारलं तर म्हणाला, "अण्णा, नाव विकतंय." पैसे रोख मिळाले, मीही गप्प बसलो. पण ती पेटी डोक्यातनं जाईना. पुढं फ्रान्सच्या द्राक्ष शेतकऱ्यांचा इतिहास वाचला. आज फवारणीचं बाजूला ठेवून तेच लिहितो.

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये अमेरिकेतून फिलॉक्सेरा ही मुळावरची बारीक कीड आली. हजारो बागा वाळल्या. उपायही अमेरिकेतूनच आला, तिथल्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम करायचं. आपण वापरतो तो डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचाच.

पण बागा परत उभ्या राहीपर्यंत वाईन कमी पडली आणि मागणी तशीच राहिली. मग कारखानदारांनी बाहेरून बेदाणा आणला, पाण्यात भिजवून आंबवला आणि वाईन म्हणून विकला. काहींनी साखर आणि पाणी वापरून माल वाढवला. १८८९ साली कायदा झाला, वाईन म्हणजे फक्त ताज्या द्राक्षाची. बेदाण्याची असेल तर तसं स्पष्ट लिहून विका. लेबलावर खरं लिहायची सक्ती अशी आली.

कायदा झाला तरी भेसळ थांबली नाही. तोवर खऱ्या बागाही भरून आल्या होत्या. माल जादा झाला, भाव पडला. ११ मार्च १९०७ ला दक्षिणेतल्या आर्जेलिए गावातनं मार्सेलिन अल्बेर हा शेतकरी ८७ जणांना घेऊन गाऱ्हाणं मांडायला निघाला. मग दर रविवारी सभा वाढत गेल्या. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांच्या आसपास माणूस जमला म्हणतात. नार्बोनमध्ये सैन्यानं गोळ्या झाडल्या, माणसं मेली. एका पलटणीतल्या जवानांनी बंड केलं, कारण त्यातली बरीच पोरं त्याच भागातली होती. २९ जूनला नवा कायदा आला. प्रत्येकानं दरवर्षी बाग किती आणि वाईन किती झाली, हे गावात जाहीर करायचं. तयार झाली त्यापेक्षा जास्त विकली की चोरी उघड. १९३५ मध्ये गावाचं, भागाचं नाव लावायचेही नियम ठरले.

पुढची गोष्ट उलटी आहे. बोजोले भागात ज्यूल शोवे नावाचा वाईन व्यापारी आणि रसायनतज्ज्ञ होता. द्राक्षाबरोबर बागेतनं येणाऱ्या यीस्टवरच वाईन आंबवायची, गंधक घालायचं नाही, यावर त्यानं काम केलं. आपण बेदाण्याला गंधकाची धुरी देतो, तसं वाईनलाही टिकण्यासाठी गंधक देतात. १९८० च्या दशकात मार्सेल लापिएर या शेतकऱ्यानं शोवेचं ऐकून तशी वाईन केली. पण अशा अनेकांची वाईन भागाच्या ठरलेल्या चवीत बसली नाही. मग ती साध्या 'टेबल वाईन' म्हणून विकायची. त्या लेबलावर गावाचं नाव चालायचं नाही, २००९ पर्यंत सालही नाही. मग त्यांनी चित्रं काढली, विनोद लिहिले. आज नैसर्गिक वाईनच्या बाटल्यांवर रंगीबेरंगी चित्रं दिसतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

'नैसर्गिक' हा शब्दही कुणीही वापरायला लागला. म्हणून २०२० मध्ये फ्रान्समध्ये त्यालाही नियम आले. द्राक्ष प्रमाणित सेंद्रिय, तोडणी हातानं, यीस्ट बागेतलंच, आणि एकूण गंधक लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. हे पाळलं तरच बाटलीवर त्याचं चिन्ह.

हे वाचून कळलं, नाव लावायचं म्हणजे जबाबदारी घ्यायची. त्यांनी आपल्या मालाच्या खऱ्या नावासाठी गोळ्या झेलल्या. मी रोख पैशापायी माझं गाव पुसू दिलं.

यंदा २०० पेट्या स्वतः छापून घेतल्यात. गाव, नाव, वाण, काढणीची तारीख आणि फोन नंबर. मणी खराब निघाला तर फोन मलाच येणार, याची धाकधूक आहे. व्यापारी पेटीमागं चार पैसे कमी देतो म्हणतोय, तेही खरं. तरी यंदा करून बघणार.

तुमच्या मालावर कुणाचं नाव जातं? कळवा.