‘म्हणे’ या शब्दाचे वजन

खोपोली मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढू लागले की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून गाडी नेणारे चालक तेथे क्षणभर वेग कमी करतात, हात जोडतात, एखादे नाणे टाकतात आणि पुढे जातात. काही वर्षांपूर्वी एका भाड्याच्या जीपमधून मी या वाटेने चाललो होतो. चालकाने नाणे टाकले, तेव्हा मी त्याला या देवाची हकीकत विचारली. तो म्हणाला, “फादर, इंग्रज साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती म्हणे. शिंग्रोबा धनगर इथे गुरे चारायचा. त्याने वाट दाखवली म्हणे. साहेब बोलला, बक्षीस माग. तर हा म्हणे, आमचा देश सोडून जा. मग साहेबाने गोळीच घातली म्हणे.”

“हे तुम्हांला कोणी सांगितले, दादा?” मी विचारले.

“वडिलांनी. तेही याच घाटात गाडी चालवायचे.”

“आणि त्यांना?”

तो हसला. “सगळेच सांगतात, फादर!”

त्या छोट्याशा संभाषणातील ‘म्हणे’ हा शब्द माझ्या मनात राहिला. आपली मराठी किती सावध भाषा आहे पाहा! जे आपण स्वतः पाहिले नाही, त्याच्या शेवटी ती ‘म्हणे’ लावते आणि आपली जबाबदारी तेवढ्यापुरती मर्यादित करते. ऐकीव गोष्टींसाठी आपल्याकडे शब्दांचीही वाण नाही. बातमी कर्णोपकर्णी जाते, आवई उठते, कंडी पिकते, बोलवा होतो, वदंता पसरते. यांपैकी प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे.

आमच्या सेमिनरीच्या काळात लॅटिन भाषेचे दिवस सरत आले होते. तरी धर्मशास्त्राच्या आणि चर्चच्या कायद्याच्या वर्गात जे थोडे लॅटिन कानी पडले, त्यात याच अर्थाचा एक शब्द होता : ‘फामा’. ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘फारी’ या लॅटिन क्रियापदापासून तो झाला. गंमत अशी की, भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन क्रियापदाचे नाते संस्कृतातील ‘भण्’ या धातूशी जोडतात आणि आपले ‘म्हणणे’ हे क्रियापद त्याच ‘भण्’पासून आले आहे. म्हणजे रोमकरांचा ‘फामा’ आणि आपला ‘म्हणे’ हे दूरचे का होईना, भाऊबंद आहेत.

‘फामा’ला दोन तोंडे आहेत. एक अर्थ अफवा, दुसरा अर्थ लौकिक. माणसाबद्दल लोक जे बोलतात तीच त्याची कीर्ती आणि लोक जे बोलतात तीच त्याची बदनामीही. आपला ‘लौकिक’ हा शब्द ‘लोक’ शब्दातूनच आला, हे लक्षात घेतले म्हणजे रोमकरांचे म्हणणे आपल्यालाही परके वाटत नाही. कवी व्हर्जिलने ‘एनीड’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात फामेचे चित्र एका पंख असलेल्या अक्राळविक्राळ प्राण्यासारखे काढले आहे. जितकी पिसे, तितके डोळे, तितक्या जिभा आणि तितकेच कान. ती चालता चालता वाढत जाते.

परंतु ऐकण्यासाठी लॅटिनमध्ये दुसराही एक शब्द आहे : ‘आउदितुस’, म्हणजे श्रवण. ‘फामा’ आणि ‘आउदितुस’ यांतील भेद चर्चच्या कायद्याने काळजीपूर्वक जपला आहे. 1983 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर केलेल्या चर्चच्या कायदेसंहितेतील 1572 वे कलम न्यायाधीशाला सांगते की, साक्ष तोलताना साक्षीदाराला ती गोष्ट कशी कळली हे पाहावे. त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की स्वतःच्या कानांनी ऐकली? की ते त्याचे केवळ मत आहे? की सर्वत्र बोलले जाते म्हणून तो बोलतो? की दुसऱ्या कोणाकडून त्याने ते ऐकले? ऐकीव गोष्ट म्हणजे खोटी गोष्ट, असे हा कायदा म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की, प्रत्येक साक्षीचे वजन वेगळे आहे आणि ते वेगवेगळे मोजले पाहिजे.

हे शहाणपण चर्चला एका दिवसात आले नाही. मध्ययुगात सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यात विवाहास मनाई होती. सात पिढ्यांपूर्वीचे नाते कोणी डोळ्यांनी पाहिलेले असणार? त्यामुळे अशा खटल्यांत ऐकीव साक्ष चालत असे. कोणी तरी म्हाताऱ्यांकडून ऐकले म्हणून सांगे आणि नांदती जोडपी विभक्त केली जात. 1215 साली पोप तिसरे इनोसंट यांनी भरवलेल्या चौथ्या लॅटरन महासभेने ही मनाई चौथ्या पिढीपर्यंत खाली आणली आणि त्याबरोबरच ऐकीव साक्षीला लगाम घातला. साक्षीदार वजनदार आणि निष्कलंक असावा. ती गोष्ट त्याने खटला उभा राहण्यापूर्वीच ऐकलेली असावी. तीही एकाच माणसाकडून नव्हे, किमान दोघांकडून. आणि ते दोघेही विश्वासास पात्र असावेत, अशा अटी घातल्या. शेवटी महासभेने एक तत्त्व सांगितले. त्याचा आशय असा : मानवी नियमाविरुद्ध एकत्र आलेली काही जोडपी तशीच राहिली तरी चालेल, परंतु रीतसर विवाहबद्ध झालेल्यांना देवाच्या आज्ञेविरुद्ध वेगळे करू नये. म्हणजे संशयाचा भार बोलणाऱ्याने वाहावा, ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने नव्हे.

आपल्या देशाच्या कायद्याचीही हीच दिशा आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 60 व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असे सांगितले होते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व तसेच ठेवण्यात आले आहे.

आता पुन्हा आपल्या बोरघाटाकडे येऊ. फामा काय करू शकते, हे या घाटाने 1776 साली पाहिले आहे.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते जिवंत आहेत, असा बोलवा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे टिकून राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्य पत्करलेच नाही. ज्या घरातील माणूस रणांगणावरून परतला नाही, त्या घराला ‘ते आहेत म्हणे’ हे शब्द किती गोड वाटले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. फामेला खतपाणी नेहमी द्वेषच घालतो असे नाही. कधी कधी ते प्रेमही घालते.

या बोलव्याच्या आधारे एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब आहोत असे सांगत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. परंतु 1776 साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले आणि त्याचा पक्ष घेतला. पाहता पाहता कोकणातील किल्ल्यामागून किल्ला तोतयाच्या हाती गेला. सैन्य जमले, आणि ते आपल्या याच मुलखातून वर चढत बोरघाट आणि राजमाचीपर्यंत येऊन ठेपले. तेथे महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. तो पळाला, रघुजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि पुण्यास आणला गेला. पुन्हा चौकशी झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड देण्यात आला.

त्या सैन्यात किती तरी साधी माणसे असतील. त्यांतील कितीजणांनी खऱ्या भाऊसाहेबांना कधी डोळ्यांनी पाहिले होते? त्यांच्या नजरेपुढे भाऊसाहेब नव्हते, इतरांचा विश्वास होता. दहाजण मानतात म्हणून अकरावा मानतो आणि अकराजण मानतात म्हणून बारावा. वरवर पाहता येथे हजारो साक्षीदार आहेत. कायद्याच्या तराजूत मात्र त्यांचे वजन एकाही साक्षीदाराइतके भरत नाही.

मग शिंग्रोबाचे काय? त्याची कथाही अशीच फामा म्हणून सोडून द्यायची का? येथे मात्र थोडे थांबावे लागते.

बोरघाटाची वाट इंग्रजांच्या किती तरी आधीची आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी आणि घाटमाथ्यापलीकडची कार्ले लेणी या प्राचीन मार्गांची साक्ष देतात. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत 1830 साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे रेल्वे आली. 1856 साली गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली, 1858 साली खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला, आणि मधला घाट 21 एप्रिल 1863 रोजी खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत 1831 फूट चढण आणि 25 बोगदे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे आल्यावर लवकरच वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे नेले, हेही नोंदलेले आहे. परंतु एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. पटकीने त्यांतले कितीतरी मेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

शिंग्रोबाची कथा कोणी रस्त्याशी जोडतो, कोणी रेल्वेशी. न्यायालयात ती टिकणार नाही. परंतु डोंगरात वाट काढणाऱ्या परक्या माणसाला तेथील गुराख्यांच्या पायवाटा कामी आल्या असतील, यात नवल ते काय? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांची नावे कागदावर राहिली. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांनी आपले एक नाव जिभेवर जपले. या कथेत कोणाची बदनामी करून कोणी लाभ उठवत नाही. एका समाजाला आपल्या घामाची आणि अपमानाची आठवण ठेवायची आहे. म्हणून ही कथा ऐकावी, ‘म्हणे’ या शब्दासह ऐकावी, आणि तो ‘म्हणे’ गाळून पुढे सांगू नये. एवढे केले तर सत्याचा अपमान होत नाही आणि गरिबाच्या स्मृतीचाही होत नाही.

धोका आहे तो ‘म्हणे’ गळून पडण्यात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या पाचजणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. मारणाऱ्यांच्या मनात कोठेही ‘म्हणे’ उरला नव्हता.

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. एका धर्मग्रामात असताना मी एका तरुणाच्या विवाहाची घोषणा चर्चमध्ये वाचली. विवाहाला अडथळा ठाऊक असेल तर तो कळवावा, असे चर्चचा कायदा सांगतो, म्हणून मिस्सा संपल्यावर एक गृहस्थ मला भेटले आणि म्हणाले, “फादर, त्या मुलाचे कोर्टात लग्न झालेले आहे म्हणे.” मी त्या मुलाला बोलावले आणि विचारले, “हे खरे आहे का?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

माझी चूक मला नंतर कळली. तो प्रश्न विचारण्यापूर्वी मी त्या गृहस्थांना विचारायला हवे होते, “तुम्हांला कोणी सांगितले?” उशिरा का होईना, मी विचारू लागलो. त्यांनी ते गाडीच्या डब्यात एका ओळखीच्या बाईंकडून ऐकले होते. त्या बाईंना त्यांच्या जावेने सांगितले होते. जावेच्या भावाने त्या मुलाला विवाह नोंदणी कार्यालयात पाहिले होते आणि ते अगदी खरे होते. तो मुलगा आपल्या मित्राच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायला तेथे गेला होता!

हे शोधायला आठ दिवस लागले. लग्न ठरल्या दिवशी झाले. परंतु त्या आठ दिवसांत मुलाच्या आईने घराबाहेर पाऊल टाकले नाही, आणि मिस्सा अर्पण करताना माझीही नजर त्या मुलाकडे संशयाने जात होती. कायदेसंहितेचे 220 वे कलम प्रत्येकाच्या चांगल्या नावाचे रक्षण करते. तेथे नावलौकिकासाठी ‘फामा’ हाच शब्द आहे. मी ते कलम पाठ केले होते. पण गरजेच्या वेळी मला ते आठवले नाही.

प्रिय वाचकहो, आपली श्रद्धाही ऐकूनच आपल्याला मिळाली आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात संत पौल हेच सांगतो आणि तेथे लॅटिन बायबलमध्ये ‘आउदितुस’ हा शब्द आहे, ‘फामा’ नव्हे. हा भेद उगाच नाही. करिंथकरांस लिहिताना पुनरुत्थानाची साक्ष देताना पौल नावे घेतो : केफा, बारा प्रेषित, याकोब, आणि पाचशेहून अधिक बंधूंना प्रभूचे दर्शन झाले, त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. जणू तो म्हणतो, जा आणि त्यांना विचारा. ज्या श्रवणाला नाव आहे, पत्ता आहे आणि जे विचारपूस सहन करते, ते श्रवण म्हणजे साक्ष. ज्याला धनी नाही आणि जे प्रश्न विचारताच हसून पुढे निघून जाते, ती फामा.

आठवी आज्ञा आपण लहानपणी शिकलो : खोटी साक्ष देऊ नको. खोटे बोलणारे आपल्यात थोडे असतात. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणारे मात्र आपण सारेच असतो. पुढच्या वेळी शेजारच्या घराविषयी काही कानावर आले, तर ते खरे की खोटे हे ठरवण्याच्या आधी एवढेच विचारूया : “तुम्हांला कोणी सांगितले?” आणि उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट आपल्यापाशीच थांबू दे.