उसळी कोण जिरवतो? मोटरसायकलच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा इतिहास

मोटरसायकलवर दोन माणसे आणि सामान घेऊन लांबच्या प्रवासाला निघाले, की गाडी मागून दबते आणि खड्ड्यात आपटते. पुष्कळजण यावर एकच उपाय करतात : मागे अधिक कडक स्प्रिंग बसवतात. दबणे थांबते, पण गाडी उसळू लागते. असे का, याचे उत्तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या इतिहासात सापडते.

सुरुवातीच्या बहुतेक मोटरसायकलींचे मागचे चाक सायकलप्रमाणे सांगाड्यातच घट्ट बसवलेले असे. स्प्रिंगा असत त्या फक्त सीटखाली. त्यामुळे स्वाराच्या पाठीला आराम मिळे, पण चाक खड्ड्यावरून उडतच राही. हवेत उडालेल्या चाकाचा ब्रेक गाडीला थांबवू शकत नाही. म्हणजे प्रश्न आरामाचा नव्हता, सुरक्षिततेचा होता.

इंग्लंडच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने १९४८ मध्ये बुलेटचे नवे नमुने स्पर्धांत उतरवले. त्यांचे मागचे चाक बिजागरीसारख्या हलणाऱ्या दांड्यावर होते आणि दोन्ही बाजूंना तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. अशी गाडी डळमळेल, ही स्पर्धकांची शंका त्या वर्षीच्या इटलीतील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने बरीचशी दूर केली. १९५५ पासून हीच बुलेट मद्रासला तयार होऊ लागली.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल कशासाठी? स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जवळजवळ सगळी परत करते. ती नष्ट करत नाही. परत आलेली ऊर्जा म्हणजेच उसळी. नळीतला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, तेव्हा त्या ऊर्जेची उष्णता होते. धक्का झेलते स्प्रिंग, जिरवते तेल.

खराब रस्त्यावर तासन्‌तास चालले, की तेल तापते, नळीतल्या हवेत घुसळून फेसाळते आणि त्याचा अवरोध कमी होतो. फ्रान्सच्या द कार्बों यांनी १९५० च्या दशकात यावर तोड काढली. सरकत्या पडद्यामागे दाबाखाली नायट्रोजन भरून त्यांनी तेल सतत दाबलेले ठेवले. सोडावॉटरची बाटली बंद असेपर्यंत बुडबुडे येत नाहीत, तसेच हे. १९७३ मध्ये असाच वायूचा दाब असलेला एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेल्या यामाहावर होकान आंडरसन २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला.

आता मूळ प्रश्न. वजन तेच ठेवून स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला, तर गाडी पूर्वीइतक्याच हेलकाव्यांत थांबण्यासाठी तेलाचा अवरोध √२, म्हणजे सुमारे १.४ पट लागतो. त्या स्प्रिंगवरचे वजनही दुप्पट झाले, तर २ पट. नुसती स्प्रिंग बदलणारा हिशेबाची एकच बाजू बदलतो. म्हणून प्रवासासाठी बदल करताना स्प्रिंग आणि तेलाचा भाग एकमेकांना जुळणारे घ्यावेत. तेल गळणाऱ्या जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर कडक स्प्रिंग चढवणे तर धोक्याचेच.

वर्गात हे सहज दाखवता येते. स्प्रिंगला वजन टांगून हेलकावे मोजा. मग तेच वजन पाण्यात आणि नंतर एरंडेलात बुडवून पुन्हा मोजा. शेवटी कडक स्प्रिंग लावा आणि काय होईल, ते आधी विद्यार्थ्यांना सांगू द्या.