पद्मिनीचा श्वास : तुरीन ते कुर्ला, एका इंजिनाच्या वायुमार्गाचा इतिहास

१/ आजच्या धाग्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करते. लहानपणी गावाहून दादरला उतरून घाटकोपरच्या घरी टॅक्सीने येताना आमच्या तांदळाच्या गोणी टपावरच्या कॅरिअरवर चढत. गाडीला डिकी असताना सामान टपावर का? कारण डिकीत गॅसची टाकी असे. ती टाकी तिथे कशी आली आणि तिच्यामुळे इंजिनात काय बदलले, हे आज पाहू.

२/ ती टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती घडली. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार तिथे १९५४ पासून 'फियाट ११००' तयार होऊ लागली. १९६४ मध्ये 'डिलाइट' हे रूप आले आणि १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. टॅक्सीवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हटले.

३/ तिच्या इंजिनाचे घराणे याहून जुने आहे. १९३७ साली फियाटने 'बालिल्ला ११००' ही गाडी आणली. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, एकूण क्षमता १०८९ घनसेंटिमीटर, शक्ती ३२ अश्वशक्ती. तपशील बदलत गेले, पण पद्मिनीच्या इंजिनाची मापे तीच राहिली.

४/ आता थोडे यंत्रशास्त्र. इंजिन म्हणजे एक प्रकारचा भाता. दट्ट्या खाली गेला की तो हवा ओढतो. ती हवा आधी कार्बोरेटरमधून जाते आणि तिथे तिच्यात पेट्रोलचे तुषार मिसळतात. पुढे हे मिश्रण ज्या फाटे फुटलेल्या मार्गाने चारही सिलिंडरांत पोहोचते, तो इनटेक मॅनिफोल्ड. इंजिन किती 'श्वास' घेऊ शकते, हे बरेचसे या मार्गावर ठरते.

५/ एकच कार्बोरेटर मध्यभागी बसवला की अडचण होते. कडेच्या सिलिंडरांना वाट लांब पडते. पेट्रोलचे तुषार हवेपेक्षा जड असल्यामुळे वळणावर ते भिंतीला चिकटतात आणि ओघळतात. परिणामी एका सिलिंडरला पेट्रोल जास्त मिळते, तर दुसऱ्याला कमी. जुन्या छोट्या इंजिनांचा हा जन्मजात दोष होता.

६/ इटलीत या दोषावर उपाय झाले ते वेगासाठी. १९५३ च्या साध्या 'फियाट ११००' ची शक्ती ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी आलेल्या 'तुरिस्मो व्हेलोचे' या वेगवान आवृत्तीत दोन नळ्यांचा वेबर कार्बोरेटर बसवला आणि कॉम्प्रेशनही वाढवले. तेवढ्याच १०८९ घनसेंटिमीटरमधून सुमारे ५० अश्वशक्ती मिळू लागली. त्याआधी तुरीनच्याच चिसितालिया कंपनीने ११०० चे इंजिन फुलवून शर्यतीच्या गाड्या घडवल्या होत्या. तिची '२०२' ही गाडी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात मांडली गेली.

७/ कुर्ल्यात मात्र एकच कार्बोरेटर कायम राहिला. याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. परवाना पद्धतीच्या त्या काळात गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत असे. कारखान्याला स्पर्धेची टोचणी नव्हती. टॅक्सीवाल्यालाही शर्यत जिंकायची नव्हती. त्याला हवे होते चांगले अ‍ॅव्हरेज आणि कोणत्याही गल्लीतल्या मिस्त्रीला खोलता येईल असे इंजिन. पद्मिनीने त्याला ते दोन्ही दिले.

८/ बदल आला तो १९९० च्या दशकाच्या शेवटी, न्यायालयाच्या दारातून. मुंबईच्या धुराने त्रस्त नागरिकांच्या 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढील आदेशांनी जुन्या टॅक्सींपुढे दोनच वाटा ठेवल्या : स्वच्छ इंधन स्वीकारा किंवा रस्त्यावरून दूर व्हा. सीएनजी पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्येच स्थापन झाली होती.

९/ मग डिकीत टाकी आली. तिच्यात गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पट. इंजिनाजवळचा रिड्युसर हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतो. प्रसरण पावताना गॅस इतका थंड होतो की रिड्युसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरवावे लागते. शेवटी कार्बोरेटरच्या तोंडाशी मिक्सर नावाचे एक कडे बसते. आत जाणारी हवा त्या कड्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना गॅस आपोआप ओढून घेते.

१०/ हे कडे दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याने इंजिनाचा श्वास बदलला. पद्मिनीच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे २७२ घनसेंटिमीटर. पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तरी ती मिश्रणाच्या जेमतेम दोन टक्के जागा घेते. सीएनजीतील मुख्य घटक मिथेन मात्र सुमारे साडेनऊ टक्के, म्हणजे जवळपास २६ घनसेंटिमीटर जागा अडवतो. तेवढी हवा कमी, म्हणून तेवढी ताकद कमी. प्रवासी भरून पुलाच्या चढावर पद्मिनी का कण्हत असे, त्याचे एक कारण हे.

११/ पण याच गॅसने तो जन्मजात दोष दूर केला. गॅसला तुषार नसतात. तो भिंतीला चिकटत नाही, ओघळत नाही. मॅनिफोल्डच्या फाट्यांतून तो बराच समप्रमाणात चारही सिलिंडरांत पोहोचतो. तुरीनच्या अभियंत्यांनी ज्यासाठी महागडे कार्बोरेटर वापरले, त्यातला काही लाभ मुंबईच्या टॅक्सीला मॅनिफोल्डला हातही न लावता मिळाला.

१२/ याची किंमतही होती. गॅसवर चालताना संपूर्ण मॅनिफोल्ड ज्वलनशील मिश्रणाने भरलेला असतो. स्पार्क चुकला की ज्योत उलटी फिरते आणि मोठा आवाज होतो. यालाच बॅकफायर म्हणतात. दुसरे म्हणजे, शिशाच्या पेट्रोलातील शिसे व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून जपत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर ते पेट्रोल बंद झाले आणि त्याच सुमारास हा कोरडा गॅस आला. शिशाच्या काळात घडलेल्या इंजिनाचे हे दुहेरी नुकसान होते. सीट झिजल्या की हेड उतरवावे लागे.

१३/ हे सारे कोणी निभावले? न्यायालयाचा आदेश काही पानांचा होता; तो एकेका गाडीत उतरवला तो कुर्ला, घाटकोपर, अंधेरीच्या गॅरेजांतील मिस्त्र्यांनी. मिक्सर नीट बसवणे, टायमिंग पुढे घेणे, सीट घासणे ही कामे त्यांची. किटचा खर्च आणि पंपावरच्या रांगेत गेलेले तास टॅक्सीवाल्याचे. गॅस पेट्रोलपेक्षा स्वस्त असल्याने पुढे त्याची भरपाई झाली, हे खरे. पण पहिला भार त्यानेच उचलला आणि लाभ सर्व शहराच्या फुप्फुसांना झाला, हेही तितकेच खरे.

१४/ शेवट आपल्या डोळ्यांसमोर झाला. टॅक्सीची वयोमर्यादा २००८ मध्ये २५ वर्षे ठरली आणि २०१३ मध्ये २० वर्षांवर आली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर उरली नाही. कुर्ल्यात आज तो कारखानाही नाही. रस्त्याच्या नावात तेवढा 'प्रीमियर' उरला आहे.

१५/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक चिंता मांडते. जुन्या गाडीचे जतन करताना तिला 'मूळ स्वरूपात' आणण्याची प्रथा आहे. टाकी काढतात, मिक्सर भंगारात जातो, कार्बोरेटर चकाकू लागतो. अशी गाडी १९७४ सालच्या कारखान्याची साक्ष देईल. पण न्यायालय, मिस्त्री आणि टॅक्सीवाले यांनी मिळून शहराची हवा बदलली, त्याची साक्ष तिच्यातून पुसली जाईल. म्हणून किमान एक पद्मिनी संग्रहालयात ठेवावी ती डिकीतल्या टाकीसह, कार्बोरेटरवरच्या त्या कड्यासह आणि टपावरच्या कॅरिअरसह.

१६/ आपल्यापैकी कोणाच्या घरात टॅक्सी होती, कोणी गॅरेजात किट बसवली असतील, तर त्या आठवणी अवश्य लिहा. जुनी बिले, गॅरेजच्या वह्या, किटची माहितीपत्रके असतील तर टाकून देऊ नका. या इतिहासाची कागदपत्रे तीच आहेत.

(धागा समाप्त)