पाठीतल्या पाण्यात दूध कुठून आलं?

'मेंदूज्वर' या एका शब्दात आपण दोन वेगळी दुखणी कोंबली आहेत. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर हा खुद्द मेंदूचा दाह; मेनिंजायटिस हा मेंदूवरच्या आवरणांचा. ग्रीकमध्ये 'मेनिंक्स' म्हणजे पातळ पडदा. त्यातल्या सर्वांत बाहेरच्या आवरणाचं नाव 'ड्यूरा मेटर', शब्दशः कठीण आई! अरबी वैद्य या आवरणांना 'उम्म', म्हणजे आई म्हणत. लॅटिन भाषांतरकारांनी ती आई तशीच उचलली.

या आवरणांच्या आतल्या द्रवाला पुस्तकात 'मस्तिष्कमेरुद्रव' म्हणतात. हे जोडाक्षरांचं लचांड वॉर्डात कुणी उच्चारत नाही. तिथे "पाठीतलं पाणी काढायचंय" एवढंच, आणि नातेवाइकांच्या पोटात गोळा. शब्द मात्र चपखल आहे. निरोगी माणसाचा हा द्रव खरोखर पाण्यासारखा नितळ असतो, जिवाणूंनी गाठलं की बहुधा गढुळतो. मणक्यांमधून सुई घालून तो काढण्याची पद्धत जर्मनीतल्या कील इथल्या क्विंके यांनी 1891 मध्ये मांडली.

या पाण्यात आता लॅक्टेटही मोजतात. 'लॅक' म्हणजे लॅटिनमधलं दूध. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाला 1780 मध्ये हे आम्ल नासलेल्या दुधात सापडलं, म्हणून हे नाव. काही मराठी लेखक 'दुग्धाम्ल' लिहितात. मेंदूचा दुधाशी काडीचा संबंध नाही. सुजलेल्या मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो, साखर अर्धवट जळते आणि लॅक्टेट साचतं. लिटरला साधारण 3.5 मिलिमोलच्या वर गेलं की संशय जिवाणूंवर. विषाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये ते सहसा इतकं चढत नाही. प्रतिजैविक आधीच सुरू झालं असेल, तर मात्र या आकड्यावर तितकं विसंबता येत नाही.

मेनिंजायटिसच्या संशयात 'सीआरपी' (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हेही मोजतात; त्याच्या नावाची गंमत उलटी. त्यातला 'सी' म्हणजे न्यूमोकॉकस या जिवाणूतला एक घटक. त्याच्याशी संयोग पावणारं प्रथिन टिलेट आणि फ्रान्सिस यांना 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात दिसलं. न्यूमोकॉकस हा मेनिंजायटिसच्याही प्रमुख कारणांपैकी एक, त्यामुळे नाव इथे शोभून दिसतं. पण या नावावर जाऊ नये. सीआरपी यकृतात तयार होतं आणि कुठलाही मोठा दाह झाला की वाढतं. ते वाढलं म्हणून न्यूमोकॉकसच आहे असं ठरत नाही. नेमका जिवाणू ओळखायला पाठीतल्या पाण्याचं कल्चर किंवा पीसीआर लागतं. कल्चरच्या अहवालाला एक-दोन दिवस जातात, आणि औषध तेवढं थांबवून ठेवत नाहीत.